नवी गाडी चालता चालता पॉवर सोडते : कॅलिफोर्नियात लेमन लॉखाली परत करता येईल का?

रेवती_फ्रीमाँट

मंडळी, मदत हवी आहे. मागच्या दिवाळीच्या सुमारास आम्ही नवी कोरी हायब्रिड एसयूव्ही घेतली. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम देत नाही, प्रकरण अजून चालू आहे. थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला. ८८० फ्रीवेवर चालत्या गाडीची पॉवर एकदम जाते, डॅशबोर्डवर सगळे दिवे लागतात आणि अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग घसरतच जातो. कडेला घेऊन बंद करून परत सुरू केली की व्यवस्थित चालते. मागे दोन मुलं बसलेली असतात आणि शेजारच्या लेनमधून ट्रक जात असतात, त्या वेळी काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही.

डीलरकडे तीनदा नेली. पहिल्या वेळी सॉफ्टवेअर अपडेट केलं. दुसऱ्या वेळी "आम्ही चालवून बघितली, काही झालं नाही" म्हणून चावी परत दिली. तिसऱ्या वेळी बरेच दिवस ठेवून घेतली, एक मॉड्यूल बदललं, आणि घरी आणल्यावर त्याच आठवड्यात पुन्हा तेच. आता सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतो आणखी एकदा आणा. सेल्सवाला म्हणतो ट्रेड-इन करून टाका, म्हणजे ही आम्हाला विकून दुसरी घ्या. त्याने सांगितलेला भाव ऐकून नवरा खुर्चीतच बसला.

लेमन लॉ (सदोष नवी गाडी कंपनीला परत घ्यायला लावणारा कायदा) आम्हाला लागू होतो का? चार वेळा दुरुस्ती व्हावीच लागते असं कुणीतरी म्हणालं, ते खरं का? गाडीवर लोन आहे. आम्ही एच-वन व्हिसावर आहोत, त्यामुळे कोर्ट म्हटलं की घरात सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. वकिलाची फी परवडेल का हाही प्रश्न आहेच.

चिंचवडकर_डॅलस

बाकीचे सविस्तर सांगतीलच. तोवर मुलांना घेऊन ही गाडी फ्रीवेवर नेऊ नका. डीलरकडे लोनर (तात्पुरती वापरायला गाडी) मागा, आणि नाही म्हणाले तर ते "नाही" ईमेलवर मागा.

वाटाड्या

रेवती, मी वकील नाही. माझ्या गाडीचा बायबॅक (कंपनीने गाडी परत घेणं) याच राज्यात झाला, आणि त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांची कागदपत्रं त्यांच्याबरोबर बसून वाचली आहेत. त्या आधारावर लिहितो.

आधी चार वेळांचं. कॅलिफोर्नियाचा मूळ कायदा साँग-बेव्हर्ली, १९७० चा. त्यात नव्या गाड्यांसाठी १९८२ मध्ये टॅनर कायद्याने भर घातली. 'चार वेळा' त्या भरीतून आलं आहे, आणि लोक ते अर्धवट सांगतात. मूळ नियम एवढाच : वॉरंटीतला दोष कंपनीला वाजवी संधी देऊनही दुरुस्त करता आला नाही, तर तिने गाडी बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत. 'वाजवी' म्हणजे किती यावर वाद होतो, म्हणून काही परिस्थितींत कायदा ग्राहकाच्या बाजूने गृहीत धरून चालतो. गाडी ताब्यात आल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल, जे आधी होईल त्याच्या आत : त्याच दोषासाठी चार किंवा अधिक वेळा दुरुस्ती, किंवा दुरुस्तीपायी एकूण ३० हून अधिक दिवस गाडी बंद (सलग असायची गरज नाही), किंवा जिवावर बेतेल अथवा गंभीर इजा होईल असा दोष असेल तर दोनच वेळा.

चालत्या फ्रीवेवर पॉवर जाणं हे या शेवटच्या प्रकारात बसतं असं मला ठामपणे वाटतं. म्हणजे तुमचा आकडा आत्ताच पुरा आहे. मात्र या प्रकारात एक गोष्ट लागते आणि नेमकी तीच बहुतेकांची राहून जाते : दुरुस्तीची गरज तुम्ही थेट कंपनीला, म्हणजे उत्पादकाला, कळवलेली असली पाहिजे. डीलरला सांगणं त्यात धरत नाहीत. पत्ता वॉरंटीच्या पुस्तिकेत किंवा ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो. सर्टिफाइड मेलने पत्र पाठवा आणि पावती जपा. (ही अट कंपनीने पुस्तिकेत ठळकपणे सांगितलेलीच नसेल तर ती तुमच्यावर लादता येत नाही. पण आपण पत्र पाठवून मोकळं व्हावं.)

१८ महिने उलटले म्हणजे हक्क गेला, असंही नाही. मुदत संपली की ते गृहीतक जातं. दोष वॉरंटीत असताना दाखवला असेल तर दावा करता येतोच, तुम्हाला थोडं जास्त सिद्ध करावं लागतं. डीलरच्या काउंटरवर हे कुणी सांगणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिपेअर ऑर्डर, म्हणजे दर खेपेचा दुरुस्तीचा कागद. पुढे जे काही मिळेल ते या कागदांवर मिळेल. तिन्ही वेळचे कागद आहेत का? दुसऱ्या वेळचा आहे का? "काही सापडलं नाही" म्हणून गाडी परत देताना डीलर पुष्कळदा कागदच देत नाही, मग ती खेप झालीच नाही असं होऊन बसतं. या राज्यात वाहनदुरुस्तीचं प्रत्येक काम, वॉरंटीतलंसुद्धा, इनव्हॉइसवर नोंदवणं दुरुस्ती करणाऱ्याला कायद्याने बंधनकारक आहे. कागद नसेल तर आजच ईमेल करून मागा. देत नसतील तर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या राज्याच्या खात्याकडे तक्रार करता येते, आणि हे नुसतं ईमेलमध्ये लिहिलं तरी कागद निघतात असा अनुभव आहे.

कागद हातात आला की तीन गोष्टी बघा. गाडी आत गेल्याची आणि बाहेर आल्याची तारीख. दोन्ही वेळचे मैल. आणि तक्रार कुणाच्या शब्दांत लिहिली आहे. "गाडी तपासावी" असं मोघम लिहिलं असेल तर उपयोग नाही. "फ्रीवेवर चालू असताना पॉवर गेली, वेग आपोआप कमी झाला" हे तुमचे शब्द तिथे हवेत, आणि दर खेपेला तेच हवेत. एकदा 'इंजिन लाइट', एकदा 'धक्के बसतात', एकदा 'पिकअप नाही' असं लिहून घेतलं तर कंपनी म्हणते हे तीन वेगळे दोष आहेत. पुढच्या वेळी सही करण्याआधी काउंटरवरच वाचा आणि दुरुस्त करून घ्या. अ‍ॅडव्हायझर घाईत असेल तर असू दे.

शेजारी बसलेल्याने व्हिडिओ काढला असेल तर तोही दाखवा आणि "ग्राहकाने व्हिडिओ दाखवला" एवढी ओळ कागदावर येऊ द्या.

पैशांचं रात्री लिहितो.

मृण्मयी_एडिसन

वाटाड्या, नेमकं लिहिलंत. मी न्यू जर्सीत आहे. इथला कायदा वेगळा आहे हे इथल्या वाचकांसाठी सांगते, कारण कॅलिफोर्नियाचं वाचून लोक तेच आपल्याकडे धरून चालतात. आमच्याकडे दोन वर्षं किंवा २४,००० मैलांच्या आत त्याच दोषासाठी तीन दुरुस्त्या, किंवा एकूण २० दिवस गाडी बंद. गंभीर सुरक्षेचा दोष असेल तर एकच दुरुस्ती पुरते. त्यानंतर कंपनीला सर्टिफाइड पत्र पाठवून शेवटची एक संधी द्यावी लागते, तिला १० दिवस मिळतात. तरी जमलं नाही तर राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स खात्यातल्या लेमन लॉ युनिटकडे अर्ज. फी ५० डॉलर, सुनावणी प्रशासकीय न्यायाधीशापुढे. माझ्या बहिणीने वकील न करता हे केलं. मराठी माध्यमात शिकलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी माझी बहीण फाइल नीट लावून गेली आणि कंपनीच्या माणसाला तिने तारखांवर गप्प केलं. मला तिचा फार अभिमान वाटतो.

चिंचवडकर_डॅलस

टेक्ससमध्ये तक्रार डीएमव्हीकडे (राज्याचं वाहन खातं), फी ३५ डॉलर. तिथेही चार वेळा, सुरक्षेसाठी दोन वेळा आणि ३० दिवस अशा तीन कसोट्या आहेत, पण तपशील वेगळे. मुदत चुकवू नका, ती लवकर संपते.

वाटाड्या

आता पैसे.

बदली गाडी की परतावा, हे निवडणं तुमच्या हातात आहे. परतावा हवा म्हणालात तर बदली गाडी घ्याच असं कंपनी म्हणू शकत नाही. परताव्यात डाउन पेमेंट, भरलेले हप्ते, सेल्स टॅक्स, रजिस्ट्रेशन, शिवाय टोइंग आणि भाड्याच्या गाडीसारखे वाजवी खर्च येतात, आणि उरलेलं लोन कंपनी बँकेला फेडते. यातून वापराचे पैसे वजा होतात. त्याचं सूत्र कायद्यातच आहे : गाडीची किंमत गुणिले पहिल्यांदा त्या दोषासाठी गाडी दाखवली तेव्हाचे मैल, भागिले १,२०,०००. समजा गाडी ४२,००० डॉलरची आणि पहिल्या खेपेला मीटरवर ३,००० मैल होते. वजावट १,०५० डॉलर. आज मीटर १५,००० दाखवत असलं तरी १,०५०. म्हणून पहिला कागद सोन्याचा, त्याच्यावरचे मैल पहिल्या तक्रारीच्या दिवशीचे असतात. ट्रेड-इनमध्ये जाणारे हजारो डॉलर आणि ही वजावट शेजारी शेजारी लिहून नवऱ्याला दाखवा.

लोनचे हप्ते थांबवू नका. बँकेचा करार वेगळा आहे, हप्ता चुकला तर क्रेडिटला फटका बसेल आणि गाडी उचलून नेली तर दावाच अडचणीत येईल.

वकिलाची फी. ग्राहक जिंकला तर वकिलाची वाजवी फी आणि कोर्टखर्च कंपनीने द्यायचा, अशी तरतूद कायद्यातच आहे. म्हणून इथले लेमन लॉ वकील सहसा ग्राहकाकडून आगाऊ काही घेत नाहीत. पण करारपत्र शेवटपर्यंत वाचा. मिळालेल्या रकमेतूनही टक्केवारी घेणारे काही असतात. "माझ्या परताव्यातून एक डॉलरही कापणार नाही ना" असं स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कंपनीने जाणूनबुजून टाळाटाळ केली असं ठरलं तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंड वर मिळू शकतो. इथे नवा भाग आहे, नीट वाचा. २०२४ मध्ये एबी १७५५ या कायद्याने बदल झाला आणि २०२५ मध्ये एसबी २६ ने तो ऐच्छिक केला. म्हणजे जी कंपनी नवी पद्धत पत्करेल तिलाच ती लागू, आणि पत्करली की पाच वर्षांसाठी. जीएम आणि फोर्ड आत गेल्या, टोयोटा, होंडा आणि टेस्ला बाहेर राहिल्या. राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर यादी आहे, तुमची कंपनी त्यात आहे का ते आधी बघा. असेल तर दावा वॉरंटी संपल्यापासून एका वर्षात आणि काही झालं तरी गाडी मिळाल्यापासून सहा वर्षांच्या आत करावा लागतो. दंड मागायचा असेल तर किमान ३० दिवस आधी लेखी नोटीस, त्यात तुमचं नाव, गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक), दुरुस्त्यांचा सारांश आणि "गाडी परत घ्या किंवा बदलून द्या" ही मागणी. कंपनीने ३० दिवसांत मान्य करून ६० दिवसांत व्यवहार पुरा केला तर दंड टळतो. माझं मत विचाराल तर एकाच राज्यात शोरूम बदलली की हक्काची मुदत बदलते, हे ग्राहकावर अन्याय करणारं आहे. ग्राहकाला गाडी घेताना हे कुणीही सांगत नाही.

एच-वनबद्दल : कायदा खरेदीदाराकडे बघतो, व्हिसाकडे नाही. ही दिवाणी बाब आहे. यातली बरीच प्रकरणं कोर्टात न जाता पत्रव्यवहारातच मिटतात. घरच्यांना हे आवर्जून सांगा.

अभय_सॅन_होजे

माझा प्रश्न थोडा वेगळा. दोन वर्षं वापरलेली गाडी डीलरकडून घेतली, कंपनीची मूळ वॉरंटी अजून बाकी आहे. ट्रान्समिशन सुरुवातीपासून खराब. मला हे लागू?

वाटाड्या

अभय, उत्तर मनासारखं नाही. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉड्रिग्ज विरुद्ध एफसीए या खटल्यात सांगितलं की मूळ वॉरंटी शिल्लक आहे एवढ्यावरून वापरलेली गाडी 'नवी गाडी' ठरत नाही. विक्रीबरोबर नव्या गाडीची वॉरंटी दिलेली असली पाहिजे. त्यामुळे गाडी बदलून किंवा पैसे परत, हा कंपनीविरुद्धचा रस्ता तुम्हाला बहुतेक बंद आहे. पण वॉरंटी कंपनीने दिलेलीच आहे, ती पाळली नाही तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस या केंद्रीय कायद्याखाली दावा होऊ शकतो, आणि डीलरने स्वतःची काही लेखी वॉरंटी दिली असेल तर त्याच्यावरही. खरेदीचे सगळे कागद घेऊन वकिलाला दाखवा. पहिला सल्ला पुष्कळ जण फुकट देतात.

कोथरूडची_माई

वाचून हेवा वाटला. माझ्या भाच्याच्या नव्या गाडीत पहिल्या पावसात पाणी शिरलं, सहा महिने खेटे घालतोय. आपल्याकडे असा कायदा आहे का?

सनदी

माई, मी जिल्हा ग्राहक आयोगात वकिली करतो. गाड्यांसाठी असा स्वतंत्र कायदा भारतात नाही. आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जुलै २०२० पासून लागू. त्यात सदोष वस्तू बदलून देणं, पैसे परत, नुकसानभरपाई हे सगळं आहे, पण 'इतक्या दुरुस्त्या झाल्या की गाडी सदोष समजावी' असा आकडा कुठे नाही. त्यामुळे उत्पादन दोष आपल्यालाच सिद्ध करावा लागतो, आणि तिथेच बहुतेक तक्रारी ढिल्या पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या प्रकरणात म्हटलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल तर सरसकट गाडी बदलून द्या असा आदेश देता येत नाही. कंपन्यांचे वकील तो निकाल दर वेळी पुढे करतात.

म्हणून भाच्याला सांगा : प्रत्येक खेपेचं जॉब कार्ड घ्यायचं आणि पाणी कुठून शिरतं ते त्यावर लिहून घ्यायचं. दोष नुसता बघून ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोगाला गाडी प्रयोगशाळेकडे पाठवता येते. चाचणीची फी आधी तक्रारदाराकडून भरून घेता येते, तेवढी तयारी ठेवा. स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल सुरुवातीलाच जोडला तर उत्तम.

तक्रार दोन वर्षांच्या आत. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि भाचा राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, कंपनीच्या गावी जायला नको. फी ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. वकील सक्तीचा नाही. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू दे, कधी कधी तेवढ्याने कंपनी जागी होते.

आणि डीलर व उत्पादक दोघांनाही प्रतिवादी करा. गोव्यातलं एक प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची गाडी दिली होती. राज्य आणि राष्ट्रीय आयोगाने टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं होतं. न्यायालयाने म्हटलं की कंपनी आणि डीलर यांच्यात मालक-मालक असा व्यवहार आहे (दोघे स्वतंत्र, डीलर कंपनीचा एजंट नाही), कंपनीला डीलरचं कृत्य ठाऊक होतं हे दाखवल्याशिवाय ती जबाबदार नाही. तुमच्या प्रकरणात दोष उत्पादनातला की डीलरच्या हाताळणीतला, हे आधी कळत नाही. दोघे समोर असले की एकमेकांकडे बोट दाखवून निसटता येत नाही.

कोथरूडची_माई

फार उपकार झाले. आजच जॉब कार्डं गोळा करायला सांगते.

रेवती_फ्रीमाँट

पुढचं कळवते. दुसऱ्या खेपेचा कागद खरंच नव्हता. ब्युरोचा उल्लेख करून ईमेल केल्यावर डीलरने पाठवला. त्यावर "कुड नॉट डुप्लिकेट" (दोष पुन्हा घडवून बघता आला नाही) लिहिलं आहे, पण तारखा आणि मैल आहेत, आणि माझी तक्रार माझ्याच शब्दांत आहे. कंपनीला सर्टिफाइड पत्र गेलं. एनएचटीएसए या केंद्रीय रस्ता सुरक्षा संस्थेच्या साइटवर आमच्या मॉडेलसाठी कंपनीने डीलरना पाठवलेलं टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन सापडलं, हाच दोष, हीच लक्षणं. म्हणजे "आम्हाला काही सापडलं नाही" म्हणताना त्यांच्याकडे ते होतं. राग आवरत नाही. तिथे आमची तक्रारही नोंदवली.

काल कंपनीच्या कस्टमर केअरचा फोन आला. "गुडविल" म्हणून दोन हप्त्यांचे पैसे आणि वाढीव वॉरंटी देतो म्हणाले, एक फॉर्म ईमेल केला आहे.

वाटाड्या

सही करू नका! आधी त्यात 'रिलीज' हा शब्द शोधा. त्यावर सही म्हणजे या गाडीबाबतचे सगळे दावे सोडले. बुलेटिनची प्रत आणि तो फॉर्म दोन्ही वकिलाकडे द्या. फोनवर काही कबूल करू नका, "लेखी कळवा" म्हणा. आणि तडजोडीत "दोषाबद्दल कुठे बोलणार नाही" अशी अट आली तर लक्षात ठेवा, गाडी परत घेताना ग्राहकाचं तोंड बंद करायला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मनाई केली आहे. परत घेतलेली गाडी पुन्हा विकताना तिच्या टायटलवर (मालकीच्या कागदावर) 'लेमन लॉ बायबॅक' असा शेरा आणि दाराच्या चौकटीवर स्टिकर लागतो. पुढच्या घेणाऱ्या कुटुंबासाठी ते फार गरजेचं आहे.

रेवती_फ्रीमाँट

वकील केला. करारपत्रात टक्केवारी नाही, लेखी घेतलं. कंपनीने बायबॅक मान्य केला आहे, आकडे तपासून झाले, वजावट सूत्राप्रमाणेच आहे. गाडी द्यायची तारीख ठरली. त्या दिवशी काय काय बघायचं?

मृण्मयी_एडिसन

रेवती, किती बरं वाटलं वाचून! मुलांच्या सीट काढून घे, आणि गाडीत जोडलेले फोन, घराचा पत्ता, गॅरेजचं बटण हे सगळं पुसून टाक.

वाटाड्या

अभिनंदन. चेक हातात आल्याशिवाय चावी देऊ नका. मीटरचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो काढा. फास्टट्रॅकचा टोल-टॅग काढून खात्यातून गाडी वगळा, नाहीतर पुलाचे टोल तुमच्या नावावर पडत राहतील. डीएमव्हीच्या साइटवर नोटीस ऑफ ट्रान्स्फर अँड रिलीज ऑफ लायबिलिटी ५ दिवसांत भरा. विमा हा फॉर्म भरल्यानंतरच बंद करा, आधी नाही. गॅप इन्शुरन्स (गाडी गेली तर लोनची उरलेली तूट भरणारा विमा) किंवा वेगळी सर्व्हिस काँट्रॅक्ट घेतली असेल आणि ती परताव्यात धरलेली नसेल तर लेखी रद्द करा, न वापरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात. आणि लोन खातं शून्य झाल्याचं बँकेचं पत्र येईपर्यंत ऑटो-पेवर लक्ष ठेवा.

रेवती_फ्रीमाँट

सर्व्हिस काँट्रॅक्ट होती, आकड्यांत धरलेली नाही. उद्याच रद्द करायचं पत्र टाकते.